पिशव्या सांभाळणारी माणसं

पार्कात गेलेल्या कुठल्याही कुटुंबाचे गेटातून आत शिरताच दोन भाग पडतात. एक पाळण्यात बसणाऱ्यांचा, दुसरा पिशव्या सांभाळणाऱ्यांचा. मी कायम दुसऱ्यात. घरच्या झोपाळ्याने जरा जोर धरला तरी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, त्यामुळे कोलंबसचं झुलतं जहाज, ब्रेक डान्स, टोरा-टोरा ही सगळी मंडळी मला फक्त खालून माहीत. आधी धाकट्या भावंडांच्या चपला सांभाळल्या, मग पोरांचे ओले टॉवेल, आता नातीचा चष्मा आणि जावयाचं पाकीट. बढती म्हणायची तर एवढीच.

पण खाली बसल्याने एक होतं, माणूस बघायला मोकळा असतो. कुठल्या राइडच्या रांगेत लोक हसतायत आणि कुठल्या रांगेत भांडतायत, ऑपरेटर पोरगा कमरेचा पट्टा खरंच ओढून बघतो की नुसता हात लावतो, दुपारी तीननंतर लोक अजून एक फेरी मारू म्हणतात की गेटाची वाट धरतात, हे सगळं बाकावरून स्वच्छ दिसतं. माझं ठाम मत आहे की बसत चाललेलं पार्क उभं करायचं असेल तर मालकाने आधी तासभर बाकावर बसावं.

हे मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली ती माझ्या दिरांमुळे. भाऊजींचं सगळं आयुष्य पार्कांच्या मेंटेनन्समध्ये गेलं. बेअरिंग खराब झालंय हे ते कानाने ओळखतात. गेट उघडायच्या आधी प्रत्येक राइड रिकामी फिरवायची, मग वाळूच्या गोण्या बसवून फिरवायची आणि मगच माणूस चढवायचा, या शिस्तीत वाढलेले. खाडीकाठच्या पार्कांत खारी हवा नटबोल्ट कशी खाते, यावर ते जेवणाच्या ताटावरही बोलू शकतात. तर त्यांच्या ओळखीच्या एका मालकाचं पार्क मुंबईच्या वेशीबाहेर, हायवेवरून आत गेल्यावर आहे. ते चालेना. त्याने भाऊजींना गळ घातली की एकदा येऊन बघा आणि काय करू ते सांगा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण चला, पोरांनाही घेऊ." म्हणून आम्ही सगळे एका रविवारी गेलो. पार्काचं नाव सांगत नाही, कारण त्याची अवस्था सांगणार आहे.

खिडकीवर सरसकट एकच तिकीट. जावयाला जेवढं, तेवढंच मला. तो दिवसभर उलटासुलटा होणार, मी बसणार, पण दोघांची किंमत सारखी. गेटावर पिशव्यांची झडती. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. आमच्या पुढच्या कुटुंबाचा डबा शिपायाने काढून घेतला आणि टोकन दिलं. डब्यात मेथीचे ठेपले आणि बेसनाचे लाडू होते, शिपायाने उघडून पाहिले तेव्हा मलाही दिसले. आत गेल्यावर कोलंबससमोर लोखंडी बाक होते, त्यांच्यावर ना झाड, ना पत्रा. ऊन असं की बाकावर ओढणी घडी करून ठेवल्याशिवाय टेकता येईना. पाठीमागे जनरेटरची धडधड. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याच ठेपलेवाल्या कुटुंबातल्या आजी बसल्या होत्या, मांडीवर पेंगुळलेला तान्हा, पायाशी पाच पिशव्या. मी जरा सरकून जागा केली तशा म्हणाल्या, "एवढं तिकीट काढून उन्हात बसायचं. घरी फुकटात बसले असते."

पार्काचा सगळा हिशोब या एका वाक्यात आला होता.

पुढच्या रविवारी पार्कात जायचं का, हे ठरतं घरी, शनिवारी रात्री, जेवणानंतर. त्या सभेत पोरांना मत नसतं, हट्ट असतो. मत असतं आजीला आणि आईला. आजी जर म्हणाली, "नको गं बाई ते ऊन," तर अख्खी मोहीम रद्द. पाच जणांची तिकिटं, चहा, आइस्क्रीम, पार्किंग, सगळं त्या एका वाक्याने बुडतं. आणि मालक मात्र त्याच वेळी गोरेगावच्या नेस्कोत भरणाऱ्या प्रदर्शनात परदेशी राइडच्या रंगीत पुस्तिका चाळत असतो. आमच्याही मालकाच्या टेबलावर तशी एक पुस्तिका होतीच. त्याला वाटत होतं, एक मोठी, गरगर फिरवून उलटी टांगणारी राइड आणली की गर्दी परत येईल. कर्ज मिळेल का, एवढाच त्याचा प्रश्न.

कर्जाचं काय होतं हे मुंबईकराने जवळून पाहिलंय. खोपोलीला २०१३ साली इमॅजिका सुरू झालं तेव्हा आपल्याकडे असं काही असू शकतं यावर लोकांचा विश्वास बसेना. राइड खरोखर परदेशी तोडीच्या, स्वच्छता वाखाणण्यासारखी. पण कर्जाचं ओझं असं की व्याजातच सगळं जाई. शेवटी २०२२ साली पार्क मालपाणी समूहाकडे गेलं. त्यात करांचीही गंमत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के लागले, म्हणजे पाळण्यात बसणं ही चैन ठरली. जानेवारी २०१८ मध्ये ते १८ टक्के झाले. कोचीच्या वंडरला पार्कवाल्यांनी वेगळी वाट धरली. पुष्कळशा राइड ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात, त्यामुळे सुट्या भागासाठी जहाजाची वाट बघत बसावं लागत नाही. भाऊजींच्या मते धंद्याचं खरं गमक हेच. परदेशी राइड बंद पडली की महिना-महिना ताडपत्रीखाली उभी राहते, आणि ताडपत्रीखालची राइड बघून लोक पैसे परत मागतात.

गोराईच्या एस्सेलवर्ल्डबद्दल मात्र मला वेगळंच वाटतं. १९८९ साली ते उघडलं. जाहिरातीचं गाणं तर अजून आमच्या पिढीच्या ओठांवर आहे, त्यात काय नवं सांगायचं. पण त्या पार्कातली सगळ्यात यशस्वी राइड पार्कात नव्हतीच. ती मार्वेच्या जेट्टीवर होती. फेरीबोट! त्या बोटीत आजी बसायची, मी बसायचे, कडेवरचं पोर बसायचं, कोणाला चक्कर येत नसे, कोणाची उंची मोजली जात नसे. खाडीचं पाणी, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, समोर हळूहळू मोठे होत जाणारे पाळणे. अख्खं कुटुंब एकत्र बसलं अशी दिवसातली तेवढी एकच सफर. पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. २००९ साली त्याच परिसरात विपश्यनेच्या पॅगोडाचं उद्घाटन झालं आणि एकाच बोटीत किंचाळायला जाणारे आणि मौन पाळायला जाणारे शेजारी शेजारी बसू लागले. असा प्रवास मुंबईतच होऊ जाणे. एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे.

मुंबईत पार्क बंद पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यावर माझ्याकडे काय, कोणाकडेच औषध नाही. ते म्हणजे जमीन. पाळण्याखालच्या जमिनीचा भाव पाळण्यापेक्षा वर गेला की पाळण्याचे दिवस भरले. जोगेश्वरीची फँटसी लँड आठवते? आता तिथून जाताना मुलांना सांगावं लागतं की इथे एकेकाळी पार्क होतं, आणि मुलं इमारतींकडे बघून मान डोलावतात. म्हणून मी बोलते ते वेशीबाहेरच्या पार्कांबद्दल, जिथे जमिनीने अजून पाळण्याला गिळलेलं नाही.

परत येताना गाडीत भाऊजींशी वाद झाला. मी म्हटलं, न बसणाऱ्याकडून बसण्याचे पैसे घेऊ नका. ते म्हणाले, "वहिनी, गेट फुकट केलं की जोडपी येतील, झाडाखाली बसतील, आणि एक चहा दोघांत पितील. लाइटबिल कोण भरणार?" मी त्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कनोबल्स या पार्काबद्दल सांगितलं. १९२६ पासून चालू. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. ज्या राइडमध्ये बसाल तिचं तिकीट काढा. आजी नुसती येऊन बाकावर बसली, भाजलेलं कणीस खाल्लं आणि गेली तरी स्वागत. भाऊजींना त्यातलं वेगळंच आवडलं. तिथला फिनिक्स नावाचा लाकडी रोलर कोस्टर नवा नव्हे. टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या एका बंद पडलेल्या पार्कातून उचलून आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला, आणि तो जगातल्या उत्तम लाकडी कोस्टरांत गणला जातो. "जुनी राइड उचलून आणली?" ते दोनदा म्हणाले. नंतर बराच वेळ गप्प. त्यांच्या डोक्यात कुठली कुठली भंगारात पडलेली चाकं फिरत असणार.

तसं पाहिलं तर हे शिकायला पेनसिल्व्हेनियाला कशाला जायला हवं? आपली जत्रा याच नियमावर चालते. सप्टेंबरात बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते, डिसेंबरात माहीमचा उरूस. आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, पण जत्रेत शिरायला तिकीट नसतं. ज्याला बसायचंय तो बसतो. बाकीचे मेणबत्त्या घेतात, बांगड्या बघतात, चणे खातात, ओळखीचं कोणी भेटतं का बघतात. जत्रेत पिशव्या सांभाळणारा माणूस मला कधी दिसला नाही, कारण तिथे प्रत्येकाला काही ना काही करायला असतं. पार्कवाल्यांनी जत्रेतला पाळणा तेवढा उचलला, जत्रा तिथेच ठेवली.

भाऊजींची शंका मात्र खोटी नाही. कनोबल्स जंगलात आहे, आणि आपल्याकडे फुकट म्हटलं की लोकलच्या डब्याएवढी गर्दी. त्यावर मला कोपनहेगनचं तिवोली बरं वाटतं. ते १८४३ पासून आहे, भर शहरात. तिथे आत जायचं तिकीट वेगळं आणि राइडचं वेगळं. कारण मुळात ती बाग आहे; फुलं, तळं, संगीत, खाणं, आणि मध्ये मध्ये पाळणे. आत यायचे थोडे पैसे द्या, मग बसायचं की बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाग म्हटल्यावर राणीची बाग आठवणारच. १८६२ पासूनची. तिथे पेंग्विन आले, २०१७ साली तिकीट पाचावरून पन्नासावर गेलं, केवढा ओरडा झाला. पण त्यातही चौघांच्या कुटुंबाला शंभरात सोडलं हे मला शहाणपणाचं वाटलं, कारण कुटुंब ही एक वस्तू आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं. गर्दी पेंग्विनमुळे वाढली हे खरं. पण पेंग्विन बघायला किती वेळ लागतो? काचेसमोर दहा मिनिटं. उरलेला दिवस लोक काढतात तो झाडांखाली. गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य बुंध्याजवळ टेकलेल्या आज्यांना मी पाहिलंय; घरी चला म्हणून त्यांच्या विनवण्या कराव्या लागतात. आमच्या त्या पार्काकडे जमीन भरपूर आणि झाडं म्हणावीत तर गेटाजवळचे चार अशोक. त्यांची सावली त्यांनाच पुरत नाही. वड, करंज, बदाम लावायला किती खर्च येतो? झाडं वाढेपर्यंत पत्रा टाका, हिरवी जाळी बांधा. आणि चार महिने पाऊस असतो, तेव्हा तोच पत्रा छत्रीचं काम करेल. पावसात पार्क ओस पडतं म्हणून मालक रडत होता. रांगेवर छप्पर नाही, बाकावर छप्पर नाही, मग लोक काय भिजत वडापाव खातील?

खाण्याचं तर बोलायलाच नको. डबा काढून घेणं हा मला व्यवहार म्हणूनही मूर्खपणा वाटतो. ज्या आजीचे ठेपले काढून घेतले ती आत जाऊन पावभाजीवर पैसे उधळेल असं कोणाला वाटलं? ती उपाशी बसली, पोरांना तिने एकाच प्लेटीत गुंडाळलं आणि चार वाजता निघाली. तिला एका छपराखाली डबा उघडू दिला असता, तर वर चहा घेतला असता, पोरांना कुल्फी घेतली असती, आणि संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत थांबली असती. अमेरिकेतच इंडियानात हॉलिडे वर्ल्ड म्हणून पार्क आहे, १९४६ सालचं, लहानशा गावातलं. त्यांनी २००० सालापासून कोल्ड्रिंक तिकिटातच दिलं, हवं तितकं प्या. उन्हात लावायचं क्रीमसुद्धा फुकट. आपण कोल्ड्रिंक नको म्हणू, पण गार पाण्याची पाणपोई? उन्हाळ्यात नाक्यानाक्यावर माठ ठेवणाऱ्या या शहराला पार्काच्या आतच पाणी विकायची बुद्धी कशी होते, हे मला कळत नाही.

आता राइडविषयी. मी बसत नसले तरी मोजते. कोलंबसवर एकच पोरगा होता. तोच फाटक उघडणार, तोच सगळ्यांचे बार लावणार, तोच धावत जाऊन बटण दाबणार. भाऊजींनी तिथेच मला गणित सांगितलं. समजा जहाजात चाळीस माणसं बसतात आणि झोके तीन मिनिटांचे. चढ-उतार चार मिनिटांत झाली तर तासाला आठ फेऱ्या, म्हणजे तीनशेवीस माणसं. एकट्या पोराला त्याच कामाला नऊ मिनिटं लागली तर पाच फेऱ्या, दोनशे माणसं. म्हणजे बार लावायला आणखी एक-दोन पोरं ठेवली की अर्ध्याहून जास्त राइड नव्याने घेतल्यासारखं होतं, आणि तीही पगाराच्या पैशांत. शिवाय घाईत बार नीट लागला नाही ही भीती जाते. पोरगा मात्र चोख होता. प्रत्येक बार दोन्ही हातांनी खाली दाबून वर ओढून बघत होता, रांगेतले लोक "ओ दादा, आटपा" म्हणत होते, तो मान वर करत नव्हता. भाऊजी मालकाला म्हणाले, "या पोराला जपा, तुमच्या पार्कात सगळ्यात महाग वस्तू हीच आहे." मालक हसला. त्याला ती थट्टा वाटली असावी.

युक्ती असली की जुनी राइडही नवी होते. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओने २०१३ मध्ये आहे त्याच रोलर कोस्टरवर एक गाडी उलटी, पाठमोरी सोडली. रूळ तेच, खांब तेच. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. हे ऐकून माझा जावई लगेच म्हणाला की ब्रेक डान्स पण उलटा फिरवता येईल. भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच मिटला.

मला मात्र त्या दिवशीची एक गोष्ट या सगळ्याहून जास्त लागली. एका राइडपाशी उंची मोजायची पट्टी होती, लाकडी जोकर आणि त्याच्या पसरलेल्या हातावर रेघ. सातेक वर्षांचा एक मुलगा त्या हाताखाली उभा राहिला. आधी सरळ, मग टाचा उचलून, मग बूट काढून परत घातले, बहुधा बुटांची जाडी आठवली म्हणून. रेघ दोन बोटं वरच राहिली. ऑपरेटर "नाही बेटा" म्हणाला आणि मोठी बहीण आत गेली. मुलगा तिची पाण्याची बाटली धरून कठड्याशी उभा राहिला. झाला सामील आमच्या पक्षात. नियम बरोबरच आहे, त्यात कोणी सूट मागू नये. पण त्याला एक छापील कार्ड द्यायला काय हरकत आहे, आज तुझी उंची इतकी, रेघ गाठलीस की हे कार्ड घेऊन ये, पहिल्या फेरीला तुला रांग नाही? कार्डाला छपाईचा खर्च कितीसा, आणि ते पोर वर्षभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करत बसेल. आईबापांना आणावंच लागेल.

मालकाला भाऊजींनी लेखी कळवलं आहे. नवी राइड घेऊ नका, कर्ज काढू नका. आहेत त्यातल्या तीन राइड कायमच्या उतरवा, त्यांचे चालू भाग बाकीच्यांना वापरा आणि त्या जागी झाडं लावा. बायकांची स्वच्छतागृहं दुप्पट करा, हे माझ्या सांगण्यावरून पहिल्या नंबरावर घातलंय. डब्याला बंदी उठवा. प्रत्येक मोठ्या राइडवर किमान दोन माणसं. छपराखालचे बाक राइडकडे तोंड करून ठेवा, म्हणजे खालच्याला वरचा दिसेल आणि हात हलवता येईल.

बसणाऱ्याचं आणि सोबत्याचं तिकीट वेगळं करायचं, इथवर भाऊजी आलेत. सोबत्याच्या तिकिटाचा आकडा ते दोनशे म्हणतायत. मी शंभरावर अडून आहे, आणि त्यातले पन्नास चहा-नाश्त्याच्या काउंटरवर वळते झाले पाहिजेत. काल फोनवर ते दीडशेवर आले. मी अजून हो म्हटलेलं नाही.